विहीणबाईंची मावशी शोधायला व्होल्गाकाठी

वऱ्हाडात अनोळखी माणसाशी बोलणं सुरू झालं की चहा येईपर्यंत काहीतरी नातं निघतंच. कोण्या गावचे, मामा कोण, सासुरवाडी कुठली, एवढं विचारलं की समोरचा माणूस आपल्या चुलतभावाच्या साडूचा पाहुणा ठरतो. पुण्याच्या लोकांना हा चोंबडेपणा वाटतो. अमरावतीच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवल्यावर मलाही तो जरा गावंढळ वाटायला लागला होता. पण त्याच खोडीच्या जोरावर आम्ही रशियात एक माणूस शोधून काढलं, म्हणून हे लिहायला बसले आहे.

गोष्ट माझ्या मुलाच्या सासुरवाडीची. निखिल जर्मनीत कासेल नावाच्या शहरात राहतो. त्याची बायको आना, तिची आई इर्मा, म्हणजे माझी विहीण, आणि इर्माची आई फ्रीडा, नव्वदी ओलांडलेली. घरात सगळे तिला ओमा म्हणतात, म्हणजे आजी. ही माणसं जर्मन खरी, पण जर्मनीत वाढलेली नव्हेत. अडीचशे वर्षांपूर्वी रशियाच्या राणीनं जर्मन शेतकऱ्यांना जमिनी देऊन व्होल्गा नदीच्या काठी बोलावलं. त्यांनी तिथं गावंच्या गावं वसवली, चर्च बांधली, गहू आणि टरबुजं पिकवली. पुढं दुसऱ्या महायुद्धात हिटलरचं सैन्य रशियात शिरलं आणि पिढ्यानपिढ्या तिथं नांदलेले हे शेतकरी रातोरात शत्रूचे भाऊबंद ठरले. त्यांची गावं रिकामी करून माणसं आगगाडीत भरली आणि सायबेरियात, कझाकस्तानात नेऊन टाकली.

फ्रीडा तेव्हा दहा वर्षांची होती आणि तिची बहीण एमिलिया चार. आईनं धाकटीचा हात थोरलीच्या हातात दिला होता. स्टेशनावरच्या गर्दीत तो सुटला. गाडी निघाली, आणि एमिलिया गेली ती गेलीच.

नातवाच्या बारशाला मी कासेलला गेले होते तेव्हा ओमानं माझा हात धरून आनाकरवी मला एकच वाक्य सांगितलं, "मी तिचा हात सोडला." इर्मा हळूच म्हणाली, की आई जन्मभर हेच सांगत आली आहे. त्यांनी शोधायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. आडनाव देऊन सगळीकडं विचारणा झाली होती, सगळीकडून नकार आला होता. आता तर युक्रेनच्या युद्धामुळं जर्मनीतून रशियात जाणं अवघड, आणि म्हाताऱ्या आईला सोडून इर्माला हलता येत नव्हतं. निखिल सहज बोलून गेला, "आई, तुम्हाला दिल्लीहून मॉस्कोचं थेट विमान आहे. तूच जाऊन ये ना." तो गंमतीनं बोलला होता. मी मात्र अमरावतीला परत आल्यावर पहिल्यांदा कपाटातला नकाशा काढला.

आमच्या ह्यांच्या गुडघ्यांनी रशियाला साफ नकार दिला. तेवढ्यात अकोल्याहून माझ्या थोरल्या जाऊबाईंचा फोन आला. बातमी त्यांना कशी लागते हे मी आजवर विचारलेलं नाही.

"तू एकटी काहून जाऊन राहिली? मले घे ना संगं."

"बाई, तिथं थंडी असते."

"मंग? मी काय लोण्याची होय?"

जाऊबाईंची ओळख अशी की अर्ध्या अकोला जिल्ह्यातल्या सोयरिकी त्यांनी जुळवल्या आहेत, आणि उरलेल्या अर्ध्या का मोडल्या हे त्यांना ठाऊक आहे. त्यांच्या पेटीत दोन स्वेटर, जवसाची चटणी, मुरमुऱ्यांचा चिवडा, कुंकवाचा करंडा आणि खणांचा एक गठ्ठा निघाला. खण कशाला, असं विचारल्यावर त्यांनी माझ्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं. "बायामाणसाच्या घरी जायचं त रिकाम्या हातानं?"

सारातोव

विमान, रांगा आणि आगगाडी सगळ्यांचीच सारखी असते, म्हणून थेट सारातोवला येते. व्होल्गाकाठचं हे मोठं शहर. तिथं आम्हाला दुभाषी मिळाली तात्याना, पन्नाशीची, उंच, गोरीपान, लाल बूट घातलेली. डॉक्टरकी शिकायला आलेल्या आपल्याकडच्या मुलांच्या राहण्याची सोय लावून देणं हा तिचा धंदा, त्यामुळं हिंदी फर्डं. पण ते पुस्तकातून शिकलेलं. "आइए, आपका हार्दिक स्वागत है, यात्रा में कोई कष्ट तो नहीं हुआ?" असं तिनं स्टेशनावर विचारलं तेव्हा जाऊबाई माझ्या कानात म्हणाल्या, "हिले आपल्या इथी भागवत सांगाले बसवलं पाहिजे."

मग व्होल्गा पाहिली. मी मुलांना किती वर्षं सांगितलं होतं, युरोपातली सर्वांत लांब नदी. लांबी सांगितली, रुंदी सांगायची राहून गेली होती. पलीकडचा काठ म्हणजे नुसती एक रेघ. जाऊबाईंनी खाली वाकून पाणी डोळ्यांना लावलं, पूर्णामायला लावतात तसं, आणि म्हणाल्या, "यातलं थोडं अकोल्याकडे धाडता येत नाई का?"

जेवणाची मात्र पंचाईत झाली. जाऊबाई माळकरी. तात्यानानं आचाऱ्याला तीन-तीनदा बजावून सूप मागवलं आणि समाधानानं सांगितलं, "इसमें मांस बिलकुल नहीं है, केवल कुक्कुट है." जाऊबाईंचा चमचा ओठापर्यंत गेला होता. मी हात धरला नसता तर माळेचं काही खरं नव्हतं. त्यानंतर त्या मुक्कामभर फक्त काळा पाव, उकडलेले बटाटे, काकड्या आणि जवसाची चटणी यांवर राहिल्या, आणि सांगायला हवं, की परतल्या तेव्हा माझ्यापेक्षा टवटवीत होत्या. तात्यानालाही चटणीची चटक लागली. डोळ्यांतून पाणी काढत ती म्हणायची, "यह तो अत्यंत स्वादिष्ट है," आणि पुन्हा पाव पुढं करायची.

गाव

गावाचं नाव लिहीत नाही, तिथल्या माणसांनी तशी विनंती केली आहे. नदी ओलांडून पूर्वेला गेलं की जमीन सपाट होते ती होतेच. सूर्यफुलांची काळवंडलेली शेतं, कापलेला गहू, मध्येच पांढुरकी खारट पट्टी. मूर्तिजापूरहून दर्यापूरकडं जाताना जसं दिसतं अगदी तसं, फक्त कपाशी नाही. सप्टेंबर होता. रस्त्याच्या कडेला टरबुजांचे ढीग लागले होते आणि ढिगाशेजारी खुर्ची टाकून बायका विणकाम करत बसल्या होत्या.

गावात शिरल्यावर पहिल्याच घरी चहा मिळाला. जाऊबाईंनी एक घोट घेतला आणि ओरडल्या, "बाप्पा! हे त आमच्या माहेरचं पाणी होय!" त्यांचं माहेर दर्यापूर तालुक्यातलं, खारपाणपट्ट्यातलं. तिथल्या विहिरीच्या पाण्याला जी मचूळ चव असते तीच इथं होती. मी त्यांना जमिनीतल्या क्षारांचं कारण समजावून सांगायला लागले, पण त्या दुसरा कप मागत होत्या.

पहिला दिवस मी माझ्या पद्धतीनं घालवला, आणि तो वाया गेला. ओमानं धाकटीच्या अंगावरची एक खूण सांगितली होती, पण दारोदार विचारण्याजोगा दुवा एवढाच, गावाचं नाव आणि वडिलांचं आडनाव. गावच्या मधोमध लाल विटांचं, छप्पर उडालेलं जर्मन चर्च उभं आहे, त्याच्या खिडक्यांत कबुतरं. आसपासची घरं जुन्या जर्मनांनी बांधलेली, पण आत आता रशियन, युक्रेनी, कझाक कुटुंबं. मी दारोदार ते आडनाव विचारत फिरले. सगळे चांगले बोलले, टरबुजाची फोड दिली आणि मान हलवली. एका म्हाताऱ्यानं सांगितलं, की पूर्वी उन्हाळ्यात जर्मनीहून पाहुण्यांच्या बसगाड्या यायच्या, तेही असंच आडनाव विचारायचे, चर्चचे फोटो काढायचे, थोडं रडायचे आणि जायचे. "इथं एकही जर्मन उरलेला नाही," तो म्हणाला, आणि त्याच्या माहितीप्रमाणं ते खरंच होतं.

संध्याकाळी आमच्या खोलीत पाय शेकत बसले होते. अमरावतीहून इतक्या लांब येऊन एका आडनावाला मान हलवून घेतली, आता ओमाला काय सांगायचं, या विचारानं माझा चेहरा पडला होता. जाऊबाई चिवडा खात होत्या.

"एक विचारू? तू दिवसभर आडनाव काहून विचारून राहिली होती?"

"मग काय विचारू?"

"शोधून कोणाले राहिलो आपण? बाईले. आन बाईचं आडनाव टिकते काय कुठी? लग्न झालं की गेलं. बाईचं माहेर विचारा लागते व."

मी म्हटलं, ती चार वर्षांची हरवली, तिला माहेर तरी कुठून ठाऊक असणार, आणि असलं तरी ती इथं कशाला असेल?

"असंन नाई त नसंन. पण लेक कुठीही गेली तरी एकदा माहेर पाहाले येतेच. माहा त दर साली जीव तुटते."

दुसऱ्या दिवशीची सोयरीक

सकाळी जाऊबाईंनी नवी जांभळी साडी नेसली, वर स्वेटर, खाली पांढरे कापडी बूट, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. हातात खण. मी मागं आणि मध्ये तात्याना. प्रत्येक घरी एकच प्रश्न, "तुमच्या आईचं माहेर कुठलं?" रशियन भाषेत माहेर हा शब्दच नाही, असं तात्यानाचं म्हणणं पडलं. जाऊबाईंना हे पटेना. एवढा मोठा देश आणि माहेर नाही? शेवटी तात्यानानं लांबलचक वाक्य जुळवलं, तुमच्या आईचा जन्म कोणाच्या घरी झाला, वगैरे. लोक हसायचे पण सांगायचे. कोणाची आई युक्रेनची, कोणाची उरल डोंगरातली. जाऊबाई प्रत्येकीशी हुंकार देत ऐकायच्या, जणू लग्नाच्या याद्याच करायच्या आहेत.

चर्चच्या मागच्या गल्लीत निळ्या खिडक्यांच्या घरात गालिना नावाची साठीची बाई भेटली. हे लोक असं का विचारतात, असं तिनं तात्यानाला विचारलं. तात्यानानं प्रामाणिकपणे सांगितलं, की या बाई आपल्या गावी लग्नं जुळवतात आणि तिथं सोयरीक करण्यापूर्वी हे विचारायची रीत आहे. झालं! गालिनाचा चेहरा एकदम उजळला. तिनं आम्हाला आत घेतलं, टेबलावर पांढरं कापड अंथरलं, आणि परसातून आपला मुलगा दिमा याला हाक मारून आणलं. पस्तिशीचा, ट्रॅक्टर चालवणारा, अवाढव्य देहाचा गडी. हात धुऊन आला आणि लाजून उभा राहिला.

मी तात्यानाकडं पाहून डोळे वटारले. जाऊबाईंना कुठली आलीय अडचण! त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"पोट्टा चांगला हाये. पीत त नाई ना?"

"केवल त्योहारों में," तात्यानानं उत्तर आणलं.

"सगळे तसंच सांगतात. शेती किती?"

मी जाऊबाईंचा पदर ओढला. त्यांनी तो सोडवून घेतला आणि नेहमीचा पुढचा प्रश्न टाकला. "तुमचं आजोळ कुठलं? म्हणजे तुमच्या आईचं माहेर?"

गालिना किटली घेऊन उभी होती. ती तशीच थांबली. तिनं दिमाकडं पाहिलं, मग आतल्या दाराकडं. ती म्हणाली, "इथलंच."

"इथलंच म्हणजे?"

"याच गावातलं. माझी आई याच गावात जन्मली."

आतलं दार उघडलं आणि फुलाफुलांचा रुमाल बांधलेली, पंच्याऐंशीच्या पुढची एक ठेंगणी म्हातारी भिंतीला धरत बाहेर आली. गावात तिला सगळे ल्यूबा आजी म्हणत. ती ऐकत होती. खुर्चीवर बसून तिनं विचारलं, "माझं माहेर कोण विचारतंय?"

मग तिनं जे सांगितलं ते तात्याना हिंदीत सांगत गेली, आणि तिचं ते पुस्तकी हिंदी हळूहळू साधं होत गेलं. लहानपणी स्टेशनावर ती घरच्यांपासून सुटली. गावातल्याच एका म्हातारीनं तिला दुसऱ्या गाडीत आपल्याजवळ घेतलं, कझाकस्तानात नेलं. दोन हिवाळ्यांत ती म्हातारी गेली, पण जाण्याआधी मुलीकडून गावाचं नाव पाठ करून घेतलं. अनाथाश्रमात रशियन नाव मिळालं, रशियन आडनाव मिळालं. मोठी झाली, ड्रायव्हरशी लग्न केलं आणि त्याच्या मागं लागून इथं राहायला आली. आपण जर्मन आहोत हे नवऱ्याला आणि मुलीला सोडून कोणाला सांगितलं नाही. आधी भीती होती, मग सवय झाली.

"गाव मला आठवत नव्हतं," ती म्हणाली. "पण आले त्या दिवशी इथलं पाणी प्यायले आणि रडू आलं. ही चव माझ्या तोंडात होती."

जाऊबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "पाणी ओयखू येतेच व," त्या आपल्याशीच म्हणाल्या.

मी विचारलं, जर्मनीचे पाहुणे यायचे तेव्हा तुम्ही पुढं का नाही झालात? म्हातारी हसली. "ते आडनाव विचारायचे. मला आडनाव कुठं माहीत होतं? मी या खिडकीतून त्यांच्याकडं बघत बसायची. आईचं घर कुठलं, असं कोणी विचारलंच नाही."

पण माझा शिक्षिकेचा संशय जात नव्हता. ओमानं एक खूण सांगितली होती. त्यांच्या अंगणात मोठ्या कढईत टरबुजाचा रस आटवून काकवीसारखा पाक करत, आणि धाकटीचा डावा कोपर त्या पाकानं भाजला होता. हे कसं विचारावं म्हणून मी वाक्य जुळवत होते. जाऊबाईंना मी ते सकाळीच सांगितलं होतं. त्या उठल्या, म्हातारीशेजारी बसल्या आणि आपल्या नातीची बाही सारावी तशी तिची डावी बाही वर सारली.

कोपरावर चुरगळलेल्या कागदासारखी कातडी होती.

"टरबूज," जाऊबाई म्हणाल्या. तात्यानानं तो शब्द रशियनमध्ये सांगितला आणि एमिलियानं, आता तिला ल्यूबा कशाला म्हणू, आश्चर्यानं आमच्याकडं पाहिलं. मी भर घरात, परक्या लोकांसमोर हुंदके देऊन रडले. सांगायला लाज वाटत नाही.

चर्चपाशी

कासेलला व्हिडिओ कॉल लावायचा तर घरात रेंज नाही. रेंज फक्त चर्चच्या पायरीपाशी. मग दिमानं आजीला खुर्चीसकट उचललं आणि आमची वरात निघाली. पुढं खुर्ची, मागं गालिना हातात किटली घेऊनच, मग आम्ही. वाटेत शेजारीपाजारी सामील झाले. कालचा तो म्हाताराही आला आणि टोपी काढून उभा राहिला. इतकी वर्षं त्यानं जिच्याकडून अंडी घेतली ती जर्मन निघाली होती.

पडद्यावर इर्मा दिसली, मग आना, मग उशांना टेकलेली ओमा. ओमाला रशियन चांगलं येतं, आयुष्य सायबेरियात गेलेलं. दोघी म्हाताऱ्या एकमेकींकडं बघत राहिल्या. मग ओमाचे ओठ हलले. तात्याना आमच्या कानाशी सांगत होती, पण ते वाक्य मला तिनं न सांगताही कळलं असतं.

"मी तुझा हात सोडला."

एमिलियानं कपाळाला आठ्या घातल्या. "तू? तू कुठं सोडलास?"

"स्टेशनावर. मी सोडला."

"अगं, तू तर इतका घट्ट धरला होतास की दुखत होता. मीच हिसडा मारून सोडवून घेतला. तिकडं एक बाई टरबूज कापत होती. मला फोड पाहिजे होती."

 इर्मानं तोंडावर हात ठेवला. मला वाटलं, आता ओमा रडेल. आम्ही सगळेच रडण्याच्या तयारीत होतो.

आणि ओमा जी कडाडली! तिच्या अंगात एवढा आवाज शिल्लक असेल असं घरात कोणाला वाटलं नव्हतं. कबुतरं उडाली. तात्यानाला भाषांतर झेपेना, ती तुकडे-तुकडे सांगत होती. तुला किती वेळा बजावलं होतं! हात सोडायचा नाही म्हणून सांगितलं होतं की नाही! विचारलं का नाहीस! सांगून जायला काय झालं होतं!

पंच्याऐंशी ओलांडलेली एमिलिया खुर्चीत मान खाली घालून, दोन्ही हात मांडीवर ठेवून ऐकत होती. गालिना मध्ये पडायला निघाली, तिला जाऊबाईंनी अडवलं.

"बोलू दे तिले. मोठी बहीण होय."

ओमाचा दम संपला तेव्हा एमिलिया लहानशा आवाजात म्हणाली, "पुन्हा न सांगता नाही जाणार." मग मात्र दोघी रडल्या, आणि पायरीवरचे आम्ही सगळे.

निघायच्या दिवशी जाऊबाईंनी एमिलियाची ओटी भरली. माहेरच्या बाजूनं कोणी आलं तर ओटी भरावीच लागते, असं तात्यानाला समजावून सांगितलं. तांदूळ मिळाले, खण होता, नारळ नव्हता. नारळाच्या जागी परसातलं एक छोटं टरबूज म्हातारीच्या पदरात, म्हणजे एप्रनमध्ये, घातलं. गालिनानं आम्हाला टरबुजाच्या पाकाची बरणी दिली. दिमाला जाऊबाईंनी शब्द दिला आहे, की मुलगी पाहणं चालू ठेवते. तो गंमत समजला. जाऊबाई गंमत करत नाहीत.

परवा अकोल्याला गेले होते. तो पाक आम्ही भाकरीशी खाल्ला. इर्माचा फोन आला. ओमा कशी आहे विचारलं, तर म्हणाली, ठणठणीत आहे. ते जुनं वाक्य त्या दिवसानंतर तिच्या तोंडून आलेलं नाही. आता रोज सकाळी दुसरंच सुरू असतं. एमिलिया शेजारी अंडी द्यायला निघाली, की आधी नातवाला खुर्ची चर्चपाशी न्यायला लावते आणि कासेलला फोन लावून सांगते, मी बाहेर चालले आहे. ओमा विचारते, कुठं, कोणाबरोबर, परत कधी येणार. सगळं नीट ऐकून घेते. मग म्हणते, "जा."